दारातली स्विफ्ट शर्यतीत उतरवताना: ‘ग्रॅन तुरिस्मो ७’ मधील ट्यूनिंगची एक वाट

आमच्या परभणीत स्विफ्ट ही गाडी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. लग्नसराईत ती झेंडूच्या माळांनी मढलेली असते, मोंढ्यात तिच्या डिकीत बियाण्याच्या पिशव्या असतात, आणि उन्हाळ्यात वसमत रस्त्यावरच्या एखाद्या रसवंतीपुढे ती चारही दारे सताड उघडून उभी असते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने ‘ग्रॅन तुरिस्मो ७’ या मोटार-शर्यतीच्या व्हिडिओ खेळात जमवलेल्या पैशातून नेमकी स्विफ्टच विकत घेतली, तेव्हा मला आधी हसू आले. त्याने तिला लगोलग मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवला, सायलेन्सर बदलला, इंजिनाचे मिळतील तेवढे सुटे भाग चढवले आणि त्सुकुबाच्या ट्रॅकवर उतरून पहिल्याच हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणाला, गाडी थेट खडीत घातली. तीन फेऱ्यांत तीनदा तेच झाले. “मामा, गाडी वळायलीच नाही की,” असे म्हणून त्याने कंट्रोलर माझ्या हाती दिला. त्यानंतरचे आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी ती गाडी वळती करण्यात घालवले. त्यातून जी रीत हाती आली ती येथे क्रमाने मांडतो आहे.

प्रथम गाडीची ओळख नीट करून घ्यावी. हा खेळ ४ मार्च २०२२ रोजी प्लेस्टेशन ४ आणि ५ साठी आला, आणि त्यात असलेली ‘स्विफ्ट स्पोर्ट’ २०१७ सालची आहे. भारतात स्विफ्ट मे २००५ पासून विकली जाते, परंतु तिची स्पोर्ट आवृत्ती कंपनीने आपल्याकडे कधीच विकायला आणली नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये आलेल्या स्विफ्टचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ८३ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ताकदीचे होते, तर स्पोर्टमध्ये १,३७१ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन असून त्याची ताकद १४० पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २३० न्यूटन-मीटर आहे. सहा गिअर, वजन अवघे ९७० किलो, आणि ओढ पुढच्या चाकांना. म्हणजे चेहरा ओळखीचा असला तरी अंगातले पाणी वेगळे आहे, आणि ‘आमच्या काकांच्या गाडीसारखीच असेल’ या समजुतीने तिच्याकडे पाहू नये. तरीही शर्यतीच्या खेळात जेथे पाचशे-सहाशे अश्वशक्तीच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, तेथे ही बाजारहाटाचीच गाडी ठरते, आणि तिला धार लावण्यातली मजा त्यातच आहे. खेळ बनवणाऱ्यांनाही अशा गाड्यांचे वावडे नाही. १९९७ च्या पहिल्या ‘ग्रॅन तुरिस्मो’तसुद्धा मझदा डेमिओसारखी घरगुती गाडी होतीच.

खर्च करण्याआधी मर्यादा ठरवून घ्यावी. या खेळात गाडीची एकूण क्षमता ‘पीपी’ नावाच्या एका आकड्यात मोजली जाते, आणि अनेक शर्यतींना त्या आकड्याची कमाल मर्यादा असते. पुढच्या चाकांच्या जपानी गाड्यांसाठी ४५० पीपीची जी शर्यत आहे, ती आम्ही डोळ्यांसमोर ठेवली. एकदा मर्यादा ठरली की ट्यूनिंगचा, म्हणजे गाडीचे भाग आणि मापे जुळवण्याचा, प्रश्न बदलतो. गाडी जास्तीत जास्त जोरकस कशी होईल हा विचार मागे पडतो, आणि मिळालेले ४५० पीपी इंजिनावर किती, टायरांवर किती आणि हलकेपणावर किती खर्चायचे, हा हिशेब पुढे येतो. भाच्याने सगळे पीपी इंजिनात ओतले होते.

पुढच्या दोन टायरांचे दुखणे

स्विफ्टमध्ये इंजिनाची ओढ, स्टिअरिंगची दिशा आणि ब्रेकचा मोठा वाटा ही तिन्ही कामे पुढची दोन चाके करतात. मागची दोन चाके बव्हंशी मागून घरंगळत येतात. टायरची पकड ही घागरीतल्या पाण्यासारखी मोजकी असते. ती वळण्यात खर्ची पडली की ओढायला उरत नाही, आणि ओढण्यात खर्ची पडली की वळायला उरत नाही. वळणाच्या मध्यावर पूर्ण रेस दिली की गाडी स्टिअरिंगला दाद न देता बाहेरच्या कडेकडे पसरत जाते. यालाच अंडरस्टीअर म्हणतात, आणि पुढे सांगितलेला प्रत्येक बदल शेवटी या एकाच दुखण्यावरचा उपाय आहे.

ब्रेक लावताना काय घडते हे आकड्यांत पाहिले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. स्विफ्ट स्पोर्टच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर २,४५० मिलिमीटर आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर आहे असे धरले, आणि गुरुत्वत्वरणाइतक्या जोराने वेग कमी होईल असा ब्रेक लावला, तर ९७० गुणिले ०.५ भागिले २.४५, म्हणजे जवळजवळ २०० किलोचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर पन्नास किलोचे सोयाबीनचे चार कट्टे कोणीतरी डिकीतून उचलून एका क्षणात बॉनेटवर टाकावेत, तसे हे आहे. उभ्या गाडीत पुढे ६१० आणि मागे ३६० किलो भार असेल असे समजा. ब्रेकच्या त्या क्षणी तो पुढे ८१० आणि मागे फक्त १६० उरतो. म्हणून ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक जमिनीला चिकटून असते, तेव्हाच ती उत्तम वळते; आणि ब्रेक सोडून रेस देताच तोच भार मागे जातो, नाक हलके होते आणि गाडी पसरू लागते. चालवणाऱ्याने यातून एवढे घ्यावे की ब्रेक एकदम सोडू नये. वळणात शिरता शिरता तो हळूहळू सैल करावा. ट्यूनिंग करणाऱ्याने यातून काय घ्यावे, ते आता पाहू.

क्रम: टायर आधी, इंजिन शेवटी

पहिला खर्च टायरांवर करावा. खेळात कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग अशा तीन मुख्य जाती असून प्रत्येकीत हार्ड, मीडियम आणि सॉफ्ट असे प्रकार आहेत. टायर जितका मऊ तितकी पकड जास्त आणि पीपीही जास्त, त्यामुळे सर्वांत महागडा टायर घेऊन मोकळे होता येत नाही. ४५० पीपीच्या मर्यादेत स्पोर्ट्स हार्डपासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. शर्यतीच्या नियमांत त्या टायराला परवानगी आहे की नाही हे मात्र आधी वाचून घ्यावे. पुढे आणि मागे वेगवेगळे टायर लावण्याची सोय आहे. पुढे मऊ आणि मागे एक पायरी कडक असा मेळ घातला तर गाडी वळायला लगेच राजी होते, परंतु तो थोडा आडमार्ग आहे. सस्पेन्शनने जे साधता येते ते आधी साधावे आणि ही युक्ती हातची राखून ठेवावी.

दुसरा खर्च वजन कमी करण्यावर. याचे गणित सोपे आहे. १४० पीएस आणि ९७० किलो म्हणजे टनाला सुमारे १४४ पीएस. गाडीतून १०० किलो काढले तर हेच प्रमाण टनाला १६१ पीएस होते, आणि वजन तेवढेच ठेवून हे प्रमाण गाठायचे असेल तर इंजिनाची ताकद १५६ पीएस करावी लागते. मात्र इंजिनात वाढवलेले सोळा पीएस फक्त सरळ रस्त्यावर कामाला येतात. काढलेले शंभर किलो ब्रेक लावताना, वळताना आणि वेग घेताना असे तिन्ही वेळा उपयोगी पडतात, आणि पुढच्या टायरांचे ओझे उतरते ते वेगळेच. येथे सावधगिरीचा एक शब्द. वजन कमी करण्याचे टप्पे एकदा घेतले की परत फिरवता येत नाहीत, आणि खेळ तसा इशाराही देतो. मी तो इशारा न वाचता सगळे टप्पे एका दमात घेतले आणि नंतर पीपी मर्यादेबाहेर गेले म्हणून डोके धरून बसलो. एकेक टप्पा घ्यावा, ट्रॅकवर जाऊन यावे, मग पुढचा. इंजिन आतून कोरण्याची काही कामेही अशीच कायमची असतात. त्यांना शेवटपर्यंत हात लावू नये.

चाचणीसाठी त्सुकुबा निवडण्यामागे कारण आहे. जपानमधील हा ट्रॅक अवघा २,०४५ मीटर लांबीचा आहे, त्यामुळे बदल केल्यावर दीड मिनिटाच्या आत त्याचे उत्तर मिळते. त्यात आवळ हेअरपिन आहेत, एक सरळ पट्टा आहे, आणि शेवटी संपता न संपणारे लांब उजवे वळण आहे. गाडी बदल करण्यापूर्वी जशी आहे तशीच पाच फेऱ्या चालवावी, आणि वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. पहिल्या दोन फेऱ्या धरू नयेत. पुढे प्रत्येक बदलानंतर पाच फेऱ्या, आणि एका वेळी एकच बदल. ही शिस्त कंटाळवाणी आहे हे मान्य आहे, पण दोन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. डॉक्टरने दोन नवी औषधे एकदम दिल्यावर पुरळ कशाने उठले हे सांगता येत नाही, तसेच ते.

वेळेच्या शेजारी गाडी कोठे बिघडली हेही लिहावे, आणि त्यासाठी प्रत्येक वळणाचे तीन भाग करावेत: आत शिरताना, मध्यावर, आणि बाहेर पडताना. ‘गाडी वळत नाही’ ही तक्रार अपुरी आहे. शिरताना वळत नसेल तर दोष बहुधा ब्रेकच्या वाटणीत किंवा चालवणाऱ्याच्या घाईत असतो, मध्यावर वळत नसेल तर स्प्रिंग आणि अँटी-रोल बारमध्ये (वळणात गाडीचे झुकणे आवरणाऱ्या दांडीत) असतो, आणि बाहेर पडताना पसरत असेल तर डिफरन्शियलमध्ये (त्याचे पुढे येईल) किंवा कंट्रोलरवर रेस देणाऱ्या उजव्या बोटात. भाच्याच्या गाडीचा आजार तिसऱ्या प्रकारचा होता, आणि थोडा उजव्या बोटाचाही होता.

सस्पेन्शन

यासाठी सर्व मापे बदलता येणारे सस्पेन्शन विकत घ्यावे लागते. पैसे साठवून तेच घ्यावे; मधले स्वस्त पर्याय घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

खेळात स्प्रिंगचा कडकपणा हर्ट्झमध्ये दाखवतात, म्हणजे गाडी खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल तो आकडा. रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांत तो एक ते दीडच्या आसपास असतो, म्हणून त्या खड्ड्यांतून गेल्यावरही प्रवाशांचे हाल होत नाहीत. ट्रॅकवर खड्डे नसल्यामुळे आकडा वाढवता येतो. तत्त्व असे की ज्या टोकाची स्प्रिंग तुलनेने कडक, त्या टोकाची पकड वळणात आधी सुटते. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढची पकड वाचवायची असल्यामुळे मागचे टोक कडक करावे. आम्ही पुढे १.९० आणि मागे २.३० पासून सुरुवात केली. अँटी-रोल बारचे आकडे १ ते १० असतात. तेथेही पुढे ३ आणि मागे ७ असा उलटा तोल ठेवला. हा एक बदल केल्यावर भाच्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला, कारण लांब उजव्या वळणात मध्यावर गाडी आपले नाक आतल्या कडेला धरून राहू लागली.

मागचा भाग किती कडक करावा याला हद्द आहे. मागचा बार ९ वर नेल्यावर ब्रेक लावता लावता मागची चाके सुटू लागली आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरली. वर सांगितलेला हिशेब आठवावा: त्या क्षणी मागच्या दोन चाकांवर मिळून फक्त १६० किलो उरलेले असतात. म्हणून एकेक अंक वाढवत जावे, आणि गाडी मागून फिरल्यावर दोन अंक मागे यावे.

उंची थोडी कमी करावी, मागची बाजू पुढच्यापेक्षा पाच-दहा मिलिमीटर उंच ठेवावी. पण कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवरून जाताना गाडी खाली घासेल इतकी ती बसवू नये. शॉकअपचे आकडे मधोमध असले तरी चालतात. खेळात दाबले जाण्याचा आकडा २० ते ४० आणि सुटण्याचा ३० ते ५० असतो. आम्ही अनुक्रमे ३० आणि ४० वर सोडून दिले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

अलाइनमेंटच्या बाबतीत गॅरेजमध्ये ऐकलेले शब्द उपयोगी पडतात. पुढच्या चाकांना सुमारे २ अंश आणि मागच्यांना १ अंश कॅम्बर दिला, म्हणजे चाकांची वरची कड आत झुकवली, तर वळणात गाडी एका अंगावर झुकल्यावर बाहेरचा पुढचा टायर जमिनीवर पुरता टेकतो. मागच्या चाकांना ०.१० अंश टो-आउट, म्हणजे चाकांची पुढची टोके किंचित बाहेर, दिला की गाडी फिरायला उत्सुक होते. हे सेटिंग दारातल्या गाडीला करून मागू नये. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचे टायर एका कडेने कसे झिजतात ते ज्याने खिशातून पैसे देऊन अनुभवले आहे, त्याला अधिक सांगायला नको.

काळी माती आणि डिफरन्शियल

या लेखातला हाच भाग नीट वाचला तरी चालेल, कारण पुढच्या चाकांच्या गाडीचे निम्मे भवितव्य येथे ठरते.

वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना लागते. ती म्हणजे डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलचा एक दोष आहे, आणि तो मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात रुतले की इंजिनाचा सगळा जोर त्याच चाकाकडे वाहतो, ते जागच्या जागी गरगर फिरते, आणि कोरड्यावरचे दुसरे चाक ढिम्म उभे राहते. अशा वेळी डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबला की दोन्ही चाके जखडली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर पडतो. परंतु लॉक दाबलेला असताना स्टिअरिंग वळवून पाहावे: ट्रॅक्टर वळायचे नाव घेत नाही, सरळच रेटत जातो. म्हणून बाहेर पडताक्षणी पाय काढायचा असतो.

स्विफ्टमध्ये वळणातून बाहेर पडताना नेमके हेच होते. गाडी बाहेर झुकल्यामुळे आतले पुढचे चाक हलके झालेले असते. टर्बोचा जोर मिळाला की ते चिखलातल्या चाकासारखे फिरून धूर काढते, आणि भार असलेल्या बाहेरच्या चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. यावर मर्यादित लॉक होणारा डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, हा उपाय आहे. तो दोन चाकांना पुरते जखडत नाही, पण एकमेकांपासून फार फटकूनही वागू देत नाही. खेळात त्याचे तीन आकडे असतात आणि प्रत्येक ५ ते ६० असतो. पहिला आकडा सुरुवातीच्या पकडीचा. तो १० वर ठेवावा, कारण जास्त ठेवला तर गाडी सतत अर्धवट लॉक लावल्यासारखी चालते. दुसरा रेस देताना किती जखडायचे त्याचा. तो ५ वर ठेवून पाहा, आतले चाक फिरेल. ५० वर ठेवून पाहा, दोन्ही चाके जोर धरतील पण गाडी लॉक लावलेल्या ट्रॅक्टरसारखी सरळ जाईल. दोन्ही टोके एकदा मुद्दाम चालवून पाहिली की मधला आकडा हाताला आपोआप कळतो. आमच्या गाडीला २४ मानवला; तुमच्या बोटांना २० किंवा ३० मानवेल. तिसरा आकडा रेस सोडल्यावरचा किंवा ब्रेकमधला, आणि तो किमान ५ वर ठेवला तर गाडी वळणात सहज शिरते. शिरताना मागचा भाग वळवळत असेल तर हाच आकडा १०–१५ करावा. मागच्या स्प्रिंगला हात लावण्याआधी हा स्वस्त उपाय करून पाहावा.

ब्रेकची वाटणी बदलण्याचा भाग मिळाला तर ब्रेक एक-दोन अंकांनी मागे सरकवावा. पुढच्या टायरांचे एक काम तेवढे कमी होते. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके जागीच गरगरू नयेत म्हणून जोर आवरणारी मदत, नवख्याने १ वर ठेवावा आणि डिफरन्शियल जमल्यावर ० करावा. अँटी-लॉक ब्रेक मात्र कंट्रोलरवर खेळताना चालूच राहू द्यावा.

गिअर

सगळी गुणोत्तरे एकेक करून बदलत बसण्यापेक्षा फायनल गिअर, म्हणजे सगळ्या गिअरना लागू होणारे शेवटचे गुणोत्तर, तेवढा बदलावा. कारण हिशेबाने दाखवतो. या गाडीचे टायर १९५/४५ आर १७ मापाचे आहेत, म्हणजे चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५ आणि फायनलचे ४ असे धरले, तर इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना चाक १,००० फेरे घेते, आणि ताशी वेग १,००० गुणिले १.९ गुणिले ६०, म्हणजे ११४ किलोमीटर होतो. फायनल ४.५ केला तर त्याच फेऱ्यांवर वेग १०१ पर्यंतच जातो. गाडीचा पिकअप वाढतो, पण गिअर लवकर संपतो. त्सुकुबाच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक लावण्याच्या जागेच्या किंचित आधी, इंजिन लाल रेषेला टेकायला आले पाहिजे. तेथे पोहोचण्याआधीच काटा लाल रेषेवर अडकत असेल तर फायनल थोडा खाली आणावा, आणि काटा अर्ध्यातच लोंबकळत असेल तर वर न्यावा. टर्बो इंजिनाचा टॉर्क मधल्या फेऱ्यांतच भरपूर असतो, त्यामुळे हेअरपिनमधून दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडून पाहावे. आवाज कमी येतो, भाच्याला ते पटत नव्हते. घड्याळाने त्याला पटवले.

आता इंजिन

येथवर आल्यावर पीपी किती उरले ते पाहावे आणि तेवढ्यातच इंजिन बसवावे. एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर हे सुटे भाग आधी घ्यावेत, कारण ते काढता-घालता येतात. टर्बो बदलायचाच असेल तर कमी फेऱ्यांवर जोर देणारा घ्यावा. वरच्या फेऱ्यांवर एकदम उसळणारा टर्बो पुढच्या टायरांना वळणाच्या ऐन मध्यावर गाठतो. पीपी मर्यादेच्या थोडे वर गेले तर पॉवर रिस्ट्रिक्टरने ताकद ९५–९७ टक्क्यांवर आणावी. किंचित जास्त इंजिन आणि त्यावर थोडा लगाम, ही जोडी आम्हाला नेमक्या मापाच्या इंजिनापेक्षा अधिक गोड वाटली, कारण लगाम वरच्या फेऱ्यांना लागतो आणि मधला टॉर्क हाताशी राहतो. नव्या गाडीचे ऑइल बदलायला विसरू नये. किलोमीटर वाढतील तशी या खेळातही इंजिनाची ताकद उतरते.

वजन घालण्याचीही सोय आहे, आणि नुकतेच कमी केलेले वजन परत का घालावे असा प्रश्न रास्त आहे. घातलेले वजन कोठे ठेवायचे हे मात्र आपल्या हातात असते. तीस-चाळीस किलो पूर्ण मागे ठेवले की पुढच्या टायरांवरील भाराचे प्रमाण थोडे घटते आणि पीपीही खाली येतात, त्यामुळे मर्यादेपेक्षा दोन-चार पीपी जास्त होत असतील तेव्हा हा उपाय करावा. त्यापलीकडे त्याचा लोभ धरू नये. डिकीत कट्टे भरलेली गाडी घाटात कशी चालते हे आपण पाहिलेले आहे.

एक गोष्ट भाच्याला सांगितली ती येथेही लिहितो. यातले काहीही खऱ्या गाडीवर करायचे नाही. नोंदणीच्या वेळी गाडीची जी रचना असते तिच्यात मनाप्रमाणे फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि विम्याचा दावा अडकतो तो निराळा.

खेळाला बहुतेक ठिकाणी इंटरनेट लागते आणि केलेली प्रगतीही त्यावाचून जपली जात नाही. आमच्याकडे संध्याकाळी लाइट गेली की टीव्ही आणि राउटर एकदमच बंद पडतात, म्हणून राउटरला छोटा बॅटरी-बॅकअप लावला; तरीही दोनदा शर्यत अर्ध्यावर गेली. तेव्हापासून ठरलेली सेटिंग खेळातल्या पत्रकात साठवण्याबरोबर वहीतही उतरवून ठेवतो.

त्सुकुबासाठी जमलेले सेटिंग जसेच्या तसे मोठ्या वेगवान ट्रॅकवर नेऊ नये. तेथे दुसरे पत्रक करावे: फायनल गिअर खाली, मागचा टो-आउट शून्यावर, मागचा अँटी-रोल बार ७ वरून ५ वर, आणि बाकी सगळे तसेच. वेग वाढल्यावर फिरायला उत्सुक गाडी अंगावर येते, म्हणून तिचा उत्साह थोडा कमी करावा लागतो. वहीत भाच्याने पहिल्या पानावर ‘औट्रम घाट’ असे लिहिले आहे आणि दुसऱ्यावर ‘समृद्धी’. सध्या तो तिसऱ्या पानाची रेघ आखतो आहे. खेळ सुरू करताना निवडता येणारी होंडा फिट, म्हणजे आपल्याकडची जॅझ, त्याला आता वळवून पाहायची आहे.